रांजणात

घरात सगळ्यात बारीक मी,
म्हणून सहाव्या वर्षापासून, द्राक्षं उतरायच्या आधी,
रांजण घासायला मलाच आत सोडायचे.
मालखाझला सोडून पाहिलं होतं एकदा.
तो कमरेशी अडकला, आणि त्याला उपसून काढताना
वालिकोकाका इतका हसला की त्याची टोपी आत पडली.
ती टोपीही मग मीच आणली.

अंगणात, अक्रोडाखाली, गळ्यापर्यंत पुरलेला रांजण.
लांबून पाहिलं तर जमिनीला पडलेलं भोक, बस्स.
बेबिया आधी दोरीला बांधून पेटती मेणबत्ती आत सोडायची,
ओणवी होऊन बघत राहायची.
मला वाटायचं, ही प्रार्थना.
मग माझे केस फडक्यात करकचून बांधायची,
काखेखालून दोर घ्यायची, दोनदा हिसडा देऊन पाहायची,
चेरीच्या सालीचा कुंचा हातात द्यायची आणि म्हणायची एवढंच:
"बोलत राहा. काहीही बोल. गप्प झालीस तर ओढून काढीन."

का, ते सांगितलं नाही.
मला वाटायचं, माझ्याशिवाय करमत नाही हिला.

आत गार. भिंतींना मागच्या वर्षाचा आंबूस वास.
वर ताटलीएवढं आभाळ, त्यात मधूनच तिचं नाक.
मी बोलायचे.
शेजारच्या डुकराच्या गळ्यात लाकडी तिकाटणं घातलं
तरी ते आमच्या मक्यात शिरलंच, हे.
इरमानं खोडरबर खाल्लं, हे.
पाढे, नद्या, वालिकोकाकाकडून शिकलेल्या शिव्या,
आणि प्रत्येक शब्द मोठा होऊन,
कुणा बाईच्या आवाजात, माझ्याकडे परत यायचा.
शिवी दिली की वरून दोराला हिसका.

बाहेर आले की तव्यावरची मक्याची भाकरी,
मातीचा तवा, कडेचा करपलेला तुकडा माझा.
मजुरी, म्हणायची.
ऑक्टोबरभर तिचे अंगठे काळे असायचे अक्रोडांनी;
सज्जात बसून ती गर दोऱ्यात ओवायची
आणि मोजताना मला बोलू द्यायची नाही.
तेवढाच एक वेळ.

त्या वर्षांत वीज यायची पाहुणीसारखी, न सांगता.
रात्री दोनला दिवा लागला की बेबिया दचकायची,
क्रूस काढायची छातीवर, आणि थेट इस्त्री काढायची.
कुठे जायचं नसलेले आम्ही
कडक, गरम उशांवर परत झोपायचो.

अकराव्या वर्षी माझे खांदे अडकले.
"झालीस मोठी," ती म्हणाली,
जणू मी कपबशी फोडली होती.

कुतैसीला कॉलेजात गेल्यावर कळलं.
रस आंबला की त्याचा वायू तळाशी बसतो,
दिसत नाही, नाक त्याला ओळखत नाही.
माणूस आधी गप्प होतो.
सुट्टीत घरी आले तेव्हा
कपाटावरचा तो फोटो पहिल्यांदा हातात घेतला:
बेसिक, तिचा धाकटा भाऊ, नऊ वर्षांचा,
केस फडक्यात बांधलेले.
ती भांडी घासत होती. मी फोटो होता तसा ठेवला.
त्या दिवशी दोघीही फार बोललो नाही.

परवाच्या मार्चात ती अंथरुणाला खिळली.
डॉक्टर म्हणाले, आता ऐकू येत असेलही, नसेलही.
खिडकीबाहेर आलुबुखारा फुललेला, तिकडे पाठ करून
मी तिचा हात काखेपर्यंत धरला
आणि म्हणाले, बोलत राहा, बेबिया. काहीही बोल.

बराच वेळ काही नाही.
मग कोंबड्या मोजल्या तिनं, एक कमी आली, परत मोजल्या.
इस्त्री बंद केली का विचारलं.
मग, डोळे मिटलेले, कुठून तरी खोलातून:
"वालिकोची टोपी आतच राहिली."
"आणली मी," म्हटलं. "केव्हाच आणली."
"मग काय करतेस खाली?" ती म्हणाली.
"ये वर."